चावीवाला

निलोफरने दंडाला पट्टा गुंडाळला.
पाच मिनिटं रक्त थांबवणार आहे, काका, हलायचं नाही.
मी हसलो. अगं, बत्तीस वर्षं
मी दुसरं केलं काय?
उथळसर, राबोडी, चरई,
पहाटे चारला रस्त्यातलं झाकण उचलायचं,
लांब दांड्याची चावी खाली सोडायची, बावीस फेरे.
एका आळीला पाणी,
दुसरीला नळाचा कोरडा सुस्कारा.

हात बधिर झाला. बोटं परक्याची.
पडद्यावर माझी धमनी: दोन पांढऱ्या रेघा,
मधून काळोख वाहणारा.

मग तिने हवा सोडली.
रक्त असं धावलं, जसं दोन दिवसांनी पाणी येतं,
आधी खोकत, मग एकदम.
"आता बघा, नळी रुंद व्हायला हवी."
कोण करतं रुंद?
"तीच. आत अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं.
रक्त घासून गेलं की त्याला कळतं.
ते एक वायू सोडतं, घडीभराचा जीव त्याचा,
तेवढ्यात तो बाहेरच्या स्नायूला सांगतो, सैल हो."

मी गप्प.
कळव्याकडची बिडाची मोठी लाइन मी आत शिरून पाहिलीय.
गंज, शिंपले, एकदा डाव्या पायाची चप्पल.
पाण्याला ओळखणारा पाइप
नाही पाहिला.

रेघा हलल्या नाहीत.
म्हणजे हलल्या, केसभर.
तिने आकडा लिहिला, त्याखाली दोनदा रेघ मारली.

दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, ओवळेकरांकडे.
दंडासाठी दात?
चाळीस वर्षांची मिसरी, थुंकी रोज गुलाबी.
मला वाटायचं तोंड आपलं, हिरड्या आपल्या,
तिथली आग तिथेच धुमसेल.
पण आग रक्तातून निरोप धाडते,
आणि हातभर लांबचं अस्तर दचकतं.
रात्रंदिवस दचकतं.
गस्तीच्या पांढऱ्या पेशी थांबाव्यात म्हणून चिकट होतं,
त्यांना पलीकडे जाता यावं म्हणून फटी उघडतं,
आणि या पहाऱ्यात
वायू सोडायचं राहून जातं.
फुटलेलं काही नाही. तुंबलेलंही नाही अजून.
फक्त 'सैल हो' म्हणणारं कोणी नाही.

हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.
एका मे महिन्यात बाळकुमच्या चौकीवर दगड आले.
तीन रात्री मी दाराला पाठ लावून बसलो,
कुत्रं हललं तरी उठायचो.
चौथ्या दिवशी बायका हंडे घेऊन आल्या, शांतपणे.
वैती, पाणी का नाही सोडलंस?
चावी माझ्या मांडीवरच होती.

हिरड्या साफ व्हायला सहा खेपा लागल्या.
मिसरीच्या डबीत आता वायसर ठेवतो.
पहिल्या महिन्यात सगळ्यांवर ओरडलो,
सुनेवर, रिक्षावाल्यावर, भाताच्या वाफेवर.

सहा महिन्यांनी पुन्हा तीच खोली,
तोच पट्टा, तीच निलोफर,
खिडकीबाहेर खाडीला ओहोटी.
पाच मिनिटं. हवा सुटली.
मी पडद्याकडे पाहिलंच नाही,
तिच्या हातातल्या पेनकडे पाहत राहिलो.

तिने आकडा लिहिला.
या वेळी खाली रेघ नाही मारली.