चौऱ्याण्णव

काठी मीच रंगवली.
सुतारशाळेतून आणली तेव्हा नुसतीच पट्टी होती ती,
अंगाला अजून रंध्याचा वास.
प्रोफेसर डोत्सेंनी कागद दिला: इथे एक गोळी, इथे दीड,
इथे दोन. उंचीवरून औषध.
वजनकाटा होडीत भिजतो आणि खोटं बोलायला लागतो.
चौऱ्याण्णव सेंटीमीटरच्या खाली
कागदावर काहीच नव्हतं,
म्हणून मीही काही रंगवलं नाही.

माझ्या वडिलांच्या लहानपणी हे सरोवर नव्हतं.
धरण झालं, व्होल्टा चालता चालता बसली,
आणि बुडालेलं रान पाण्यात उभ्याने मेलं.
अजून उभं आहे. होडी त्यातून वाट काढते.
पाणी थांबलं तसं शेवाळ आलं, शेवाळावर गोगलगाय,
गोगलगायीच्या पोटात ते,
ज्याची अंडी मोजण्याचा मला पगार मिळतो.

सकाळी दहा ते दुपारी दोन. त्याच वेळेत अंडी जास्त उतरतात.
पोरांना आधी उड्या मारायला लावायच्या, मग बाटली द्यायची.
दहा मिलिलिटर. गाळणी. काचपट्टी.
अंड्याच्या टोकाला काटा असतो,
भाताच्या दाण्याला कुसळ असावं तसा.
पन्नास झाली की वहीत ‘जड’ लिहायचं.
कोमीची सहाशे बारा होती.
नावाडी अगबेको हसला: आमच्या वेळी
लघवी लाल झाली नाही तर बाप काळजीत पडायचा,
पोरगं वयात येतंय की नाही म्हणून.

कोमीची बहीण एसिनाम. यादीत तिचं नाव नव्हतं.
तीन वर्षांची. आई भांडी घासते तिथेच
टोपात बसून पाण्यात डुंबणारी.
भावाला गोळ्या मिळाल्या, वर गारीची लापशी मिळाली,
तर ही स्वतःच काठीला पाठ लावून उभी.
चवड्यांवर.
मी टाचा खाली दाबल्या.
तिने केस डोक्यावर बांधून आणले होते, उभ्या गाठीत;
गाठ दाबली तेव्हा खाली निघाले एक्याण्णव.
“पुन्हा,” ती म्हणाली.
पुन्हा एक्याण्णव.

तिची आई काही वेळ काठीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, “पाणी हिला उंची विचारतं का?”

बाटली एसिनामने मागून घेतली होती, भावाचं बघून.
त्रेचाळीस अंडी.
फॉर्मवर शेवटी ‘शेरा’ असा रकाना असतो,
तिथे आम्ही सहसा ‘पाऊस’ किंवा ‘बॅटरी संपली’ असं लिहितो.
मी आईचं वाक्य लिहिलं, जसंच्या तसं, एवे भाषेतच.

प्रोफेसरांनी ते वाचलं, हे मला फार उशिरा कळलं.
आमच्या शहराचं नाव हो.
नीतिसमितीने मात्र दोन वर्षं हो म्हटलं नाही:
एवढ्या लहान मुलांवर? धोका कोणाचा? संमती कोणाची?
प्रश्न चुकीचे नव्हते.
प्रोफेसर प्रत्येक वेळी फाईल घेऊन जात,
आणि मी दर महिन्याला काचपट्ट्या धूत असे.

नंतर छोट्या गोळ्या आल्या, पाण्यात विरघळणाऱ्या,
तरी कडूच.
मी काठीवर खालच्या नव्या रेघा मारल्या.
जुना रंग उन्हाने विटलेला, नवा भडक;
जुळला नाही.

एसिनाम आता एकशे नऊ.
तोवर ती जुन्या रेघेवरून आपली आपणच वर गेली होती.
या खेपेला धाकट्याला कडेवर घेऊन आली.
तो औषध ओकला. मी घड्याळ पाहिलं,
नियमाप्रमाणे पुन्हा दिलं.
ती काठीशी वाकून शोधत होती.
“माझं कुठे होतं?”
मी बोट ठेवलं. तिथे रेघ नव्हती.
तिने नखाने ओरखडा काढला, चांगला खोल.

संध्याकाळी निघालो. वारा पडलेला,
होडी गाळात रुतलेली.
अगबेकोने हाक मारली आणि ढकलायला
आम्ही सगळेच उतरलो: मी, प्रोफेसर,
बॅनरवाला विद्यार्थी, मागून पोरंही,
गुडघाभर पाण्यात.