रकाना क्रमांक सात

बोहरी आळीत, फिटिंगच्या दुकानावरच्या माळ्यावर
करंदीकर बाई तीन कागद पसरतात.
पहिला स्वस्त: माझं हाड मोडलं तरच.
दुसऱ्यात पाने, ड्रिल, स्कूटरवरची पेटी.
तिसऱ्यात लोकांचं घर.

तिसऱ्यावर बोट ठेवलं
तर बोटाखाली कोथरूडचा तो फ्लॅट ओला व्हायला लागतो.
एक एल्बो, टेफलॉनचे दोन वेढे कमी,
रात्रभर थेंब थेंब,
आणि खालच्या मजल्यावर सहस्रबुद्धे काकांची पेटी,
गाण्याची,
फुगून एकच सूर धरून बसलेली.
काका ओरडले नाहीत.
अकरा हप्ते फेडले. दर हप्त्याला चहा दिला त्यांनी,
तो जास्त महाग पडला.

'याआधी कधी नुकसानभरपाई?'
लिहा बाई, हो म्हणून लिहा.

रकाना सात: कामगार किती?
एक लिहिला तर वर्षाचे चौदाशे वाचतात.
बाहेर जिन्यात रोहिदास भेळ खातोय,
मोबाइलवर एकटाच हसतोय.
डक्टमध्ये मी मावत नाही आता.
तो उतरतो, पाचव्या मजल्यावरून,
कमरेला माझा जुना दोर.

बाई पेन झटकतात. शाई
सकाळच्या नळासारखी, आधी नुसती हवा.

दोन, मी म्हणतो. दोन माणसं.
आणि दोर नवा घ्यायचाय, ते कुठे लिहू?
त्याला रकाना नाही, म्हणतात,
आणि घड्याळ बघतात.

खाली उतरून भाव विचारला.
दोर किलोवर मिळतो.