काही होत नाही

सारेमा बेटावर, लेइडाच्या स्वयंपाकघरात
मी गोळ्या मोजते आहे.
गुडघ्याच्या संपल्या, वेळेआधीच.
झोपेची एकही चुकलेली नाही.
बीपीच्या मात्र पाकिटात तशाच,
बारीक, पांढऱ्या, बिनचवीच्या.

"ही घेतली काय, न घेतली काय,
काही होतच नाही," ती म्हणते
आणि काळ्या पावाला लोणी फासते.

काही होऊ नये म्हणूनच ती आहे,
हे कसं सांगावं?

खिडकीत नवऱ्याची टोपी, आर्वोची.
त्यालाही काही होत नव्हतं,
होडी रंगवायला निघाला, त्या सकाळपर्यंत.

मी बोलत नाही.
तीच टोपीकडे बघते,
बराच वेळ,
मग विचारते,
"लोण्याबरोबर चालते का ही?"