बेटावरची हजेरी

दसरा होतो, खडकवासल्याचे दरवाजे बंद होतात,
आणि बंडगार्डनच्या बंधाऱ्याखाली नदी
आठवडाभरात आपलं बेट परत काढून ठेवते.
आधी बाभळीचा शेंडा, त्यात अडकलेली साडी,
मग चिखल,
मग थर्माकोल, नारळ, कुणाच्या तरी देव्हाऱ्याची चौकट.
आणि एका सकाळी त्या चौकटीवर
शेपूट वरखाली करत
पहिला धोबी.

मी वहीत लिहिते : नऊ ऑक्टोबर. धोबी, एक.
ही माझी चौदावी वही.
एकतीस वर्षं ऑडिटमध्ये
दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या,
ही एकच बेरीज अशी
की वाढवून लिहावीशी वाटते.

सोबत लिंबाजी जोर्वेकर. खरंतर मी त्याच्यासोबत.
तो इथे हॉटेलांच्या चादरी आपटायचा.
घाट गेला, तिथे आता सायकलींचा रस्ता,
दगड तेवढा राहिलाय बसायला.
दुर्बीण त्याला चालत नाही.
"त्या नळकांड्यात एक पाखरू येतं
अन् बाकीची नदी जाते."
नावंही त्याची त्याची.
शेकाट्या म्हणजे काडीपैलवान,
थापट्या म्हणजे उलथणं,
हळदीकुंकू मात्र हळदीकुंकूच,
"चोचीला लावूनच येते, तिला आपण काय नाव ठेवणार?"
आणि धोब्याकडे बघून, दरवर्षी तेच :
"हा आमच्यातला. डोंगरापल्याडनं येतो,
अन् धुवायला एक कपडा आणत नाही."

कार्तिकात कापशी घिरट्या घालते, एका जागी थरथरत.
कासव टायरवर चढतं, उतरतं,
पुन्हा चढतं.
वास येतो. लपवत नाही, नदीला वास येतो.
फेसाच्या ढेपा वाहत येतात,
तुतवार त्यांना वळसा घालते
आणि चिखल टोचत राहते,
जणू काही तिथेच ठेवलं होतं, गेल्या साली.

मार्गशीर्षात जलपर्णी इतकी दाटते
की एक मुंगूस काठावरून निघालं
आणि पाय न भिजवता बेटावर पोचलं.
आम्ही दोघं उभे राहिलो.
वंचक उडाले सगळे.
मुंगसाने एकदा मागे पाहिलं,
आलो तो रस्ता आहे का अजून, असं.

चक्रवाकांचा रकाना मी शेवटी भरते.
पहिल्या वहीत बासष्ट. केशरी, जोडीजोडीने,
बेटाच्या त्या टोकाला, अगदी सोनं वाळत घातल्यासारखे.
सहाव्या वहीत अकरा.
गेल्या सालच्या पानावर शून्य,
तेही मी गोल, स्वच्छ काढलंय,
आकडाच तो, त्याचा काय दोष.

पौषातली सकाळ, धुक्यात पुलाचे खांब नाहीत,
वरून मेट्रो जाते तो नुसता आवाज.
लिंबाजी म्हणाला, "रात्री ओरडले ते तुमचे.
झोप येत नव्हती, दगडावर येऊन बसलो होतो."
मी म्हटलं, पाहिलेस?
"अंधारात काय बघणार? ऐकले."
पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हा माझा नियम.
व्हाउचर नाही, तर खर्च नाही.
तरी विचारलं, कारण ती गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक असते,
रात्र झाली की एक या काठाला, एक त्या :
हाक एकाच काठावरून होती, की दोन्ही?

तो बराच वेळ चपलेचा चिखल काढत राहिला.
"त्या काठावर रात्री जेसीबी चालतो, बाई.
तिकडचं ऐकू येत नाही."

धुकं साडेआठला उठलं. टोक रिकामं होतं,
एक पीस होतं फक्त, तेही कोंबडीचं असेल.
मी रकान्यात पेन्सिलीने लिहिलं :
ऐकीव. लि. जो.
आकडा घातला नाही.

शाईचं पेन पिशवीत होतं.
धोबी दगडाजवळ येऊन
आमच्या दोघांच्या मधून चालत गेला,
शेपूट वरखाली, वरखाली,
कामावर उशीर झाल्यासारखा.