पाणी घेता

वहीत मी चाळीस झिलया लिहून ठेवल्यात.
क्रमांक नऊ: काजूच्या फांद्यांची राख, चार वाट्या,
तिसऱ्यांचे शिंपले भाजून दळलेले, दोन,
भाताच्या तुसाची राख, चाळलेली, तीन.
पुढे शेरा: पेजेसारखी. फिकट. बरी.
क्रमांक सतरा: जांभ्याची भुकटी जास्त पडली,
काठाला काळं, पोटाशी गंजासारखं तांबूस.
क्रमांक बावीस: सुरूची राख. धावली,
बुडाखाली ओघळून भट्टीच्या लादीला चिकटली,
छिन्नीने सोडवताना तीन वाडगे गेले.

निवतीच्या बंदराच्या वर, सड्यावर, माझी भट्टी.
माती नेरूरहून येते, टेम्पोने.
लाकूड जे मिळेल ते.

पुंडलिक कोचरेकरांची होडी
दोन वर्षं वाळूत उलटी पडून होती.
तिच्याखाली कुत्री व्यायची.
एका सकाळी त्यांनीच ती फोडली
आणि नातवाबरोबर निरोप धाडला,
जाळूक व्हयी तर व्हर गो.
एक फळी तेवढी दिली नाही.
तिच्यावर कधीकाळी सातेरी प्रसन्न होतं,
आता नुसतं सन्न.

वाळलेल्या फळ्याही हाताला जड.
एकीला जीभ लावून पाहिली, खारट.
हजार अंशांच्या पुढे ज्वाळेचा रंग फिरला,
झरोक्यातून कडेला हिरवं दिसलं,
कुठेतरी तांब्याचा खिळा राहून गेला असणार.
पहाटे तीनला कोन वाकला,
मी विटांनी तोंड बंद करून चिखलाने लिंपलं
आणि दोन दिवस तिकडे फिरकले नाही.

उघडलं तेव्हा
जिकडून आग आली त्या बाजूला
तीस वर्षांचं मीठ भांड्यांवर बसलं होतं,
मोसंब्याच्या सालीसारखं, बारीक खडबडीत.
राख वितळून गेली होती
ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा रेघा सोडून.
एका कपावर, कानापाशी, हिरवा डाग,
चवळीच्या दाण्याएवढा.
निवताना भांडी बोलत होती: टिण्.
मग बराच वेळ काही नाही.
टिण्.

तोच कप घेऊन मी खाली उतरले.
पुंडलिककाका जाळं सांधत बसलेले,
दुसऱ्या कुणाचं तरी.
कप उजेडाकडे धरून म्हणाले,
"हो खंयच्या फळयेचो?"
म्हटलं, तसं नाही सांगता येत,
सगळ्या एकत्रच जळल्या.
त्यांनी कप उपडा केला, बुडावरून नख फिरवलं.
छान वगैरे काही म्हणाले नाहीत.
कळशीतलं पाणी काठोकाठ ओतलं,
कप ओट्यावर कोरड्या जागी ठेवला
आणि पुन्हा सुई हातात घेतली.
मग मलाही बसावं लागलं.
एक विडी झाली.
मासळीचा टेम्पो हॉर्न देत वळणावरून गेला.
त्यांनी कप उचलला.
खाली ओलं वर्तुळ, रुपयाएवढं.
"पाणी घेता," म्हणाले,
होडीबद्दल म्हणतात त्याच आवाजात.

मला भेगांचं सांगायचं होतं,
माती वेगळी आकसते, काच वेगळी,
त्या दोघींच्या ओढाताणीत हे जाळं पडतं,
परदेशात त्यासाठीच लोक जास्त पैसे मोजतात.
तेवढ्यात जयवंतीकाकी आतून आल्या,
कप त्यांच्या हातातून काढून घेतला,
पाणी अबोलीच्या मुळाशी ओतलं.
"पेज घालून ठेवतंय रातभर.
फाल्या बघ."

घरी येऊन वही उघडली.
क्रमांक एकेचाळीस.
साहित्य, लिहून थांबले.
होडीचं लाकूड लिहावं, की सातेरी?
किती वाट्या?
ती ओळ तशीच सोडून
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
पाणी घेता. पेज घातलीय.