तेवीस केंद्रकं

पाषाणच्या रस्त्यावरून शेवटची बस गेली
की खोलीत उरते इनक्युबेटरची घरघर.
सदतीस अंश.
कुणाच्या तरी काखेतली ऊब.

काच भिंगाखाली सरकवते.
परवा इथे पेशी होत्या सुट्यासुट्या,
प्रत्येकीचं आपलं कुंपण, आपलं एकुलतं केंद्रक.
आज एकच ऐसपैस मैदान
आणि मधोमध दाटीवाटीनं बसलेली
एकवीस, बावीस, तेवीस.
पुन्हा मोजते.
केळुसकर मॅडमना अंदाज चालत नाहीत.

विषाणू तसा आळशी.
बाहेर पडून, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत
पलीकडच्या घरी जायचे कष्ट कोण घेणार?
तो यजमानणीच्याच अंगावर आपले आकडे उगवतो.
ते शेजारणीत रुततात,
ओढतात, अजून ओढतात,
आणि पेशी आपणहून
पडद्याचं अस्तर बाहेर काढते,
घाईत उलटा घातलेल्या स्वेटरसारखं.
भिंत पडल्याचा आवाज होत नाही.

(आमच्या मजल्यावर सरनोबतांनी
शेजारचा फ्लॅट घेऊन मधली भिंत पाडली,
तेव्हा महिनाभर जिन्यात धूळ होती.
आता त्यांच्याकडे दोन स्वयंपाकघरं.
एकात कुणी चहासुद्धा करत नाही.)

मागे हणमंतनं दाखवलेली काच आठवते.
फुप्फुस. नाव नाही, नुसता क्रमांक,
आणि फॉर्मवर: हमाल, मार्केट यार्ड.
कांद्याची पोती पेलणाऱ्या त्या छातीत
पेशी एकमेकींत सांडलेल्या,
आणि एका थोराड पेशीच्या पोटात
गिळलेला पहारेकरी.
हणमंत म्हणाला, बघ. मग काहीच म्हणाला नाही.

आज चौथ्या रांगेच्या खळग्यांत औषध आहे.
नवं नाही. पट्टकृमीवरची जुनी गोळी,
जुन्नरचा मामा तोंड वाकडं करून चावायचा ती.
जंतांसाठी शोधलेली,
इथे म्हणे अस्तर उलटू देत नाही.
पाचवीत प्रथिनाचा इवला तुकडा:
आकडा मिटायच्या आत
बिजागरीत अडकणारी खिट्टी.

चौथी रांग: एक, एक, दोन, एक.
पाचवी: एक, चार, एक.

हुरळत नाही.
बशीतल्या पेशीला यकृत नसतं,
गोळी पचवावी लागत नाही,
खोकला येत नाही,
ससूनच्या पायऱ्यांवर
तिच्यासाठी डबा घेऊन कुणी बसलेलं नसतं.
बशीत बऱ्या झालेल्या किती गोष्टी
माणसापर्यंत पोचल्याच नाहीत,
ते कपाटातल्या जुन्या वह्यांना विचारा.

तरी डोळे चोळते,
काच थोडी डावीकडे घेते.
वहीत शाईनंच लिहायचं असतं.
लिहिते: एक.
पुढच्या खळग्यात
जरा वेळ बघत राहते,
कडेची रेघ धड आहे ना, तुटली तर नाही ना,
आणि लिहिते: एक.