मुद्देमाल क्रमांक एक्केचाळीस

नोंद मीच केली होती.
काशाची घंटा, एक. वजन बारा किलो तीनशे.
काठाला चीर, बोटभर.
अक्षरं झिजलेली; एक नांगर तेवढा हाताला लागतो.
लोळा नाही.
कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून जप्त.
सुतळी, लाख, पंचांच्या सह्या,
आणि मग वरच्या फळीवर, दोन गॅस सिलिंडर
आणि एका बेवारस शिलाई मशीनच्या मधे.

चौदा ऑगस्टला रात्री दहाला
माहूल गाव ठाण्यात आलं.
गाव म्हणजे तीसेक माणसं, ओल्या चपला,
आणि शाळेतल्या कुणा मुलीच्या वळणदार अक्षरातला अर्ज:
घंटा एका रात्रीपुरती मिळावी.
साहेब म्हणाले, कोर्टाचा हुकूम आणा.
कोर्ट उद्या बंद.
का बंद ते सगळ्यांना माहीत होतं,
तरी कुणी हसलं नाही.

मग धर्मी वैती पुढे झाली.
वय विचारलं तर तेव्हाचा बोंबलाचा भाव सांगते.
सत्तेचाळीस साली तिचा बाप, पोशा तांडेल,
याच घंटेखाली उभा होता.
गावात घड्याळ एक, तेही मास्तरांबरोबर पनवेलला गेलेलं.
अवस दोन दिवसांवर.
साडेदहाच्या सुमाराला खाडी काठोकाठ आली
आणि पोशाने टोला दिला.
अरे, अजून मध्यरात्र व्हायचीय, कुणीतरी ओरडलं.
तो म्हणाला, पानी भरला का भरला.

म्हणून माहूलचं स्वातंत्र्य
देशाहून दीड तासाने मोठं.
म्हणून दर वर्षी त्या रात्रीच्या भरतीला,
कधी नऊला, कधी ऐन झोपेत, कधी कोंबड्याच्या वेळी,
एकच टोला.
दुसरा द्यायचा नाही.
दुसरा टोला म्हणजे होडी बुडाली.

मी नियमाचं पुस्तक काढलं.
मुद्देमाल आवाराबाहेर जाता कामा नये.
मोठ्याने वाचलं, दोनदा.
वाजता कामा नये, असं
कुठेच लिहिलेलं नव्हतं.
साहेब माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ.
मग टोपी उचलून म्हणाले, मी राऊंडला जातो.

जप्त टेम्पोच्या दांडीला टांगली, सील न तोडता.
माणसं पायरीवर, बाकावर, टायरवर बसली.
पोरं झोपली. रिफायनरीची ज्योत
भिंतीवर आमच्या सावल्या हलवत होती.
लोळ्याचं काय, मी विचारलं,
चोरांनी वेगळा विकला असणार.
म्हातारीने कमरेचं गाठोडं सोडलं.
जाळ्याच्या तुकड्यात, तेल लावून,
मनगटाएवढा लोखंडी लोळा.
माजे घरान हाय, ती म्हणाली. बापाशीपासून.
घंटा गावाची आणि जीभ एका घरची,
म्हणजे भलत्या वेळी कुणाला बोलता येत नाही.
आणि मी पंचनाम्यात लिहून बसलो होतो,
लोळा नाही.

जेट्टीवर तिचा नातू उभा, टॉर्च घेऊन.
ठरलं होतं, भरलं की मिस्ड कॉल.
फोन थरथरला, तीन वाजून दहा मिनिटांनी.
म्हातारी उठली. कुणी हात दिला तो तिने घेतला नाही.
एक टोला.

चिरलेल्या काशाचा आवाज गोड नसतो.
तो कढईसारखा उठला, मग रुंद झाला,
मालखान्यातल्या चाकूंना, मोबाइलना,
कुणाच्या तरी मंगळसूत्राच्या पाकिटाला लागून
परत आला, आणि बराच वेळ गेला नाही.

लॉकअपमधला पोरगा गजांना धरून उभा राहिला होता.
एकोणीस वर्षांचा. घंटा त्यानेच उतरवली होती,
अठराशे रुपयांना.
साहेब, उभं राहायचं असतं ना, त्याने विचारलं.
मला उत्तर सुचलं नाही.
तो उभाच राहिला.

गाव गेलं. लोळा म्हातारीबरोबर गेला,
त्याची नोंद कुठेच नव्हती, ती मी केलीही नाही.
घंटा पुन्हा फळीवर.
मग स्टेशन डायरी ओढली. पेन अडलं,
झटकलं, लिहिलं:
तीन दहा. तक्रार नाही.
पाणी भरले.